समुद्रात जीपीएस का बिघडतो? कोकण किनाऱ्यावरच्या नौकामालकांचे आणि तांडेलांचे (बोटीच्या प्रमुख नाविकांचे) वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरकरवाडा, हर्णै, साखरी नाटे, देवगड, मालवण. बंदर कुठलंही घ्या, आज जीपीएसशिवाय यांत्रिक बोट सुटत नाही. वडिलांनी, आजोबांनी डोक्यात साठवलेल्या मासळीच्या जागा आणि खडपांची, म्हणजे पाण्यातल्या खडकांची, ठिकाणं आता त्या छोट्या पडद्यात पॉइंट म्हणून असतात. तो पडदा अचानक गप्प झाला किंवा चुकीचं ठिकाण दाखवू लागला तर सहा-आठ माणसांचा जीव टांगणीला लागतो. खालचे प्रश्न जेटीवर, सोसायटीच्या बैठकीत आणि सेट दुरुस्तीला आणताना लोक विचारतात ते आहेत.

उपग्रहाचा सिग्नल इतका नाजूक कसा?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि तिथून साधारण पंचवीस-पन्नास वॅटची शक्ती अर्ध्या पृथ्वीवर पसरवतात. एवढ्या लांबचा घरातला बल्ब भगवती बंदरावर उभं राहून ओळखायचा, तसं हे काम आहे. आपल्या अँटेनापर्यंत पोचते ती शक्ती एका वॅटचा साधारण एक कोटी अब्जावा भाग. रिसीव्हरच्या आत स्वतःचा जो विद्युत गोंगाट असतो, त्याहूनही हा सिग्नल क्षीण असतो.

तरी तो सापडतो, कारण प्रत्येक उपग्रह ठरलेला सांकेतिक क्रम सेकंदाला हजार वेळा पाठवत असतो आणि रिसीव्हर तो क्रम जुळवून गोंगाटातून बाहेर काढतो. पण ही कसरत एका मर्यादेपर्यंतच चालते. १५७५.४२ मेगाहर्ट्झ या वारंवारितेच्या आसपास जवळपास कुणी वॅटच्या शंभराव्या हिश्श्याइतकी जरी लहर सोडली, तरी शेकडो मीटरमधले, मोकळ्या पाण्यावर त्याहून लांबचेही सेट आंधळे होऊ शकतात. यात सेटच्या किमतीचा किंवा कंपनीचा दोष नाही. सिग्नलच तेवढा बारीक आहे, आणि सगळं त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नये असं मी म्हणतो ते म्हणूनच.

जॅमिंग आणि स्पूफिंग यांत फरक काय?

जॅमिंगमध्ये गोंगाट वाढवून खरा सिग्नल दाबला जातो. सेट ‘सिग्नल नाही’ म्हणतो, अलार्म वाजतो, निदान कळतं तरी. स्पूफिंगमध्ये उपग्रहासारखाच दिसणारा खोटा सिग्नल थोड्या जास्त जोरात सोडतात. सेट तो खरा मानतो आणि बिनदिक्कत चुकीचं ठिकाण दाखवतो. नागरी जीपीएस सिग्नलची रचना जगजाहीर आहे, त्यामुळे त्याची नक्कल करता येते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीने, एका मोठ्या यॉटला असा खोटा सिग्नल देऊन तिच्या मार्गावरून हळूहळू बाजूला नेलं होतं. पडद्यावर मात्र ती सरळच चालली होती.

मला दोन्हींत स्पूफिंगची भीती जास्त वाटते. बंद पडलेल्या सेटवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आमच्या बोटीचा जीपीएस मधूनच जातो. कुणी जॅमर लावला असेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी स्वतःच्या बोटीवर शोधा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत गंजलेला कनेक्टर, खारं पाणी शिरलेली केबल, स्वस्त चार्जर आणि टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर हेच पुन्हा पुन्हा निघतात.

याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग या मासेमारी बंदरात जीपीएस चालेनासा झाला. बंदरात शिरणाऱ्या बोटींचे सेट बंद पडत. शोध घेतल्यावर सापडलं काय, तर बोटींवर लावलेल्या टीव्ही अँटेनांमधले बूस्टर. बूस्टर बिघडून स्वतःच लहरी सोडू लागले होते, आणि एका बोटीवरच्या अँटेनाने आख्खं बंदर बाधित होत होतं. आपल्याकडे केबिनमध्ये टीव्ही असलेल्या बोटी कमी नाहीत. शेजारच्या बोटीचा बूस्टर तुमचा सेट बंद पाडू शकतो, आणि तुमचा बूस्टर त्याचा.

मग दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं?

सेटमध्ये उपग्रहांचं पान असतं. त्यावर प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलची दांडी आणि बहुधा एक आकडा असतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या सेटवर हे आकडे साधारण ३५ ते ५० च्या दरम्यान दिसतात. सगळं ठीक असताना एकदा ते पान बघून ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ज्याने निरोगी पान पाहिलेलंच नाही त्याला आजारी पान ओळखता येणार नाही.

सगळ्या उपग्रहांच्या दांड्या एकदम, एकाच क्षणी खाली आल्या तर बाहेरून किंवा बोटीतूनच रेडिओचा गोंगाट येतोय. एकाच दिशेचे उपग्रह सतत दुबळे दिसत असतील तर अँटेनाला केबिन, डोलकाठी किंवा रडारचा आडोसा आहे. आकडे महिन्यागणिक हळूहळू उतरत गेले असतील तर केबल किंवा कनेक्टर कुजत चाललाय.

पहिला प्रकार असेल तर बोट जेटीला असताना बॅटरीवर फक्त जीपीएस चालू ठेवा, बाकी सगळं बंद. आकडे वर आले? मग एकेक वस्तू चालू करत जा: टीव्ही, बूस्टर, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, डेकवरचे एलईडी दिवे, वायरलेस सेट, शेवटी इंजिनाचा अल्टरनेटर. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून पान बघा. ज्या वस्तूने दांड्या पडतील ती चोर. सगळं बंद करूनही सिग्नल आला नाही, तर बोट शंभर-दोनशे मीटर बाजूला नेऊन बघा. तिथे सुधारला तर शेजाऱ्याकडे जाऊन शांतपणे बोला.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी विणली जातात, इंजिन उघडलं जातं. त्याच वेळी जीपीएसची केबल आणि कनेक्टर बदलून घ्या. खर्च किरकोळ आहे.

वायरलेसवर बोलायला लागलं की जीपीएस जातो. हे कसं?

समुद्री व्हीएचएफ सेट १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. कुठल्याही प्रक्षेपकातून मूळ वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट अशा नको त्या लहरीही थोड्या निघतात. आता १५७.५ ला दहाने गुणा: १५७५. म्हणजे दहावी पट जीपीएसच्या अंगणातच उतरते. चांगल्या सेटमध्ये ही लहर नगण्य असते. सेट जुना, बिघडलेला किंवा कुणी ‘पॉवर वाढवून’ दिलेला असेल तर ती नगण्य राहत नाही. शिवाय दोन्ही अँटेना एकमेकांना खेटून बसवल्या असतील तर साध्या जोरानेच रिसीव्हर गुदमरतो. व्हीएचएफची अँटेना जीपीएसच्या अँटेनापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या, आणि पॉवर वाढवून घेऊ नका.

एलईडी दिव्यांमुळे त्रास होतो हे खरं आहे का?

होतो. दिव्यापेक्षा त्याला वीज पुरवणारी स्वस्त सर्किटं गोंगाट करतात. याचा जास्त फटका व्हीएचएफ आणि एआयएसला (जहाजाची ओळख आणि ठिकाण आसपासच्या जहाजांना कळवणाऱ्या यंत्रणेला) बसतो, आणि अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचनाही काढली होती. व्हीएचएफ बहिरा झाला तर शेजारची बोट मदतीसाठी ओरडतेय हे तुम्हाला ऐकू येणार नाही. हा धोका जीपीएस जाण्याइतकाच मोठा आहे. (एलईडी लावून मासेमारी करण्यावर बंदी आहेच, तो वेगळा विषय. इथे मी डेकवरच्या साध्या उजेडाबद्दल बोलतोय.)

विमानांना जीपीएसचा त्रास होतो अशा बातम्या येतात. मग आम्हालाही होणार?

नोव्हेंबर २०२३ पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत देशात विमानांना जीपीएस अडथळ्याचे ४६५ प्रसंग आले, बहुतांश अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात, असं सरकारने संसदेत सांगितलं. पण विमान आणि बोट यांत मोठा फरक आहे तो उंचीचा.

या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या वाकावरून वळत नाहीत. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला चारशे किलोमीटरवरचा जमिनीवरचा जॅमर ‘दिसतो’. बोटीची अँटेना पाण्यापासून पाच मीटरवर आणि जॅमर दहा मीटर उंच खांबावर असेल, तर तो साधारण २२ किलोमीटरच्या पुढे पोचतच नाही. त्यामुळे डोक्यावरून मोपा किंवा चिपी विमानतळाला जाणाऱ्या विमानाच्या वैमानिकाला अडथळा दिसेल आणि त्याच वेळी निवतीसमोरच्या बोटीला काहीच जाणवणार नाही, असं होऊ शकतं. उलट, तुमचा सेट खरोखर जॅम होत असेल तर उगम बहुधा जवळ आहे, किंवा उंच उडणाऱ्या वस्तूवर आहे.

माझा मुलगा मालवाहू जहाजावर आहे, होर्मुझमधून जातो. तिथे काय चाललंय?

कोकणातल्या अनेक घरांत हा प्रश्न आहे, म्हणून सरळ सांगतो. तिथला त्रास खरा आहे. जून २०२५ मध्ये इराण-इस्राएल संघर्षाच्या काळात होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ शेकडो जहाजांची ठिकाणं भलतीकडे, अगदी जमिनीवरही दिसत होती. त्याआधी जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्कजवळ, वीसहून जास्त जहाजांचे सेट एकाच वेळी तीसेक किलोमीटरवरच्या गेलेंझिक विमानतळावर असल्याचं सांगत होते.

पण मोठ्या जहाजाकडे रडार असतं, गायरो होकायंत्र असतं, आणि किनारा दिसत असेल तर दिशा घेऊन नकाशावर ठिकाण काढता येतं. ब्रिजवरचा अधिकारी या गोष्टी सतत ताडून बघत असेल तर जहाज सुरक्षित राहतं. मुलगा कॅडेट असेल तर त्याला एवढंच सांगा: पडद्यावरचं जहाज आणि खिडकीतून दिसणारा समुद्र जुळत नसेल तर संकोच न करता लगेच बोल.

२००८ मध्ये इंग्लंडच्या फ्लॅम्बरो हेडजवळ दीपगृह खात्याच्या जहाजावर मुद्दाम जॅमिंग करून चाचणी घेतली होती. तेव्हा जीपीएसबरोबर इलेक्ट्रॉनिक नकाशा, एआयएस अशी त्याला जोडलेली बरीच उपकरणंही गोंधळली. एकाच धाग्यावर किती गोष्टी टांगल्या आहेत ते तेव्हा उघड झालं.

सेट खोटं ठिकाण दाखवतोय हे छोट्या बोटीवर कसं ओळखावं?

सगळ्यात चांगला साक्षीदार तुमच्या हाताशीच आहे: फिशफाइंडर. तो आवाजाच्या लहरींवर चालतो, उपग्रहाशी त्याचा संबंध नाही. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ सावकाश उतरत जातो आणि समान खोलीच्या रेषा साधारण किनाऱ्याला समांतर धावतात. त्यामुळे खोलीवरून किनारा किती लांब आहे याचा अंदाज येतो. जीपीएस म्हणतो तुम्ही अमुक पॉइंटवर आहात, तिथे नेहमी वीस वाव पाणी लागतं, आणि फिशफाइंडर बारा दाखवतोय. अशा वेळी खोलीवर विश्वास ठेवा. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर बाहेर आंग्रिया बँकेवर तळ एकदम सुमारे २० मीटरपर्यंत वर येतो. ती खूण तर कुठला खोटा सिग्नल लपवू शकत नाही.

आणखी लक्षणं: बोट थांबलेली असताना पडद्यावर वेग दिसणं, ठिकाण एकदम काही मैल उडी मारणं, सेटची वेळ हातातल्या घड्याळाशी न जुळणं, होकायंत्र एक दिशा सांगतंय आणि पडद्यावरची रेघ दुसरीकडे चाललीय असं होणं.

रात्र आहे, जीपीएस गेला. काय करायचं?

वेग कमी करा. शेवटचं खात्रीचं ठिकाण, वेळ, होक्यावरची दिशा आणि खोली वहीत लिहा. यासाठीच मी प्रत्येक तांडेलाच्या मागे लागतो की सेट नीट चालू असतानाही दर तासाला या चार गोष्टी लिहीत जा. वही नसेल तर जीपीएस गेल्यावर तुमच्याकडे काहीच उरत नाही. वही असेल तर हिशोब सोपा आहे: सहा नॉटने दोन तास म्हणजे बारा सागरी मैल, सुमारे २२ किलोमीटर. भरती-ओहोटीच्या ओढीने आणि वाऱ्याने फरक पडेल, पण अंदाज हाताशी राहील.

आपला किनारा जवळपास उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे पूर्वेकडे गेलात की जमीन लागणारच. प्रश्न कुठली जमीन, आणि मध्ये कुठलं खडप, हा आहे. म्हणून अंधारात आंधळेपणाने आत शिरू नका. खोली बघत बघत या, नेहमीच्या सुरक्षित पाण्यात थांबा आणि दीपगृह शोधा. जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले, प्रत्येक दिव्याची उघडझाप वेगळी असते. घड्याळ लावून ती मोजली की कुठल्या बंदरासमोर आहात ते कळतं. वेंगुर्ल्याचे खडक आणि मालवणची खडपं यांच्या बाजूला असाल तर उजाडेपर्यंत बाहेर थांबणंच शहाणपणाचं.

चॅनेल १६ वर जवळच्या बोटींना विचारा: त्यांचाही जीपीएस गेलाय का? एका उत्तराने दोष तुमच्या बोटीवर आहे की बाहेर, हे कळतं. जिवाला धोका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक आहेत, पण मोबाईलला रेंज असेल तरच. व्हीएचएफ आधी.

मोबाईलवर नकाशा आहे. तो चालेल ना?

बोटीचा सेट बिघडला तर चालेल, नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर. जॅमिंग असेल तर दोन्ही एकदमच जातात, कारण दोघंही तेच उपग्रह ऐकतात.

आपलं नाविक वापरलं तर प्रश्न सुटेल?

काही अंशी. इस्रोचं नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली, आधीपासून ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ या दोन वारंवारितांवर आहे. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून त्यात जीपीएसच्या नेहमीच्या पट्ट्यातला सिग्नलही आला. एकाहून जास्त वारंवारिता आणि जास्त प्रणाली ऐकणारा सेट दाबणं कठीण जातं, म्हणून नवा सेट घेताना तसाच घ्या. पण नाविकचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत, त्यांचा सिग्नलही तितकाच बारीक. आणि ११७६.४५ वर जीपीएसचाही एक सिग्नल आहे, म्हणजे तो पट्टा दाबला की दोन्ही दबतात. शिवाय नाविकच्या काही जुन्या उपग्रहांची अणुघड्याळं निकामी झाली आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. ही प्रणाली भक्कम व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण होकायंत्र काढून ठेवायची वेळ आलेली नाही.

सरकारी ट्रान्सपाँडर बसवलाय. जॅमिंगमध्ये तो चालेल का?

ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्ये जाहीर झालेल्या योजनेतून देशभरातल्या एक लाख बोटींवर हे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. किनाऱ्यापासून लांब, मोबाईल पोचत नाही तिथे उपग्रहातून दुहेरी संदेश जातात, ही मोठी सोय आहे. संदेशाचा मार्ग आणि ठिकाण ओळखण्याचा मार्ग मात्र वेगळे असतात. ठिकाण यंत्रातल्या रिसीव्हरकडून येतं. तो दबला तर संदेश जाऊनही ठिकाण जुनं किंवा चुकीचं जाऊ शकतं. म्हणून संकटाच्या संदेशात जमल्यास खोली आणि दिसणारी खूणही कळवा.

पावसाळी ढगांनी सिग्नल जातो का?

नाही. या वारंवारितेवर पावसाचा परिणाम नगण्य असतो. पावसात जात असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय.

सूर्यास्तानंतर थोडा वेळ जीपीएस डळमळतो, मग आपोआप सुधारतो. हे काय?

हा बहुधा आयनोस्फिअरचा खेळ आहे. वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर बुडबुड्यांसारख्या पोकळ्या तयार होतात. त्यांतून येताना सिग्नल थरथरतो आणि काही सेकंद तुटतोही. आपला किनारा याच पट्ट्यात येतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत आणि मध्यरात्रीच्या आधी हे जास्त घडतं. बंदरातल्या सगळ्या बोटींना साधारण एकाच वेळी जाणवलं आणि काही उपग्रहच तुटले, बाकीचे टिकले, तर कारण बहुधा हेच समजा.

ऑनलाइन छोटा जीपीएस ब्लॉकर मिळतो. घेतला तर?

घेऊ नका. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर किंवा जीपीएस ब्लॉकर वापरणं बेकायदा आहे, आणि खासगी व्यक्तीला तो विकत घेता येत नाही. अमेरिकेत एका चालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत असा ब्लॉकर लावला आणि नेवार्क विमानतळावरच्या उतरण्याच्या यंत्रणेत अडथळा आला. २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२ हजार डॉलर दंड ठोठावण्याचा प्रस्ताव तिथल्या सरकारी यंत्रणेने काढला. विमानतळाला त्रास देण्याचा त्याचा हेतू नव्हता. समुद्रात आपलं ठिकाण लपवायला कुणी हे वापरलं तर अंधारात खाडीच्या तोंडाशी येणारी शेजाऱ्याची बोट खडपावर जाऊ शकते. त्या बोटीवर आपल्याच गावची माणसं असतात.

तक्रार कुठे करायची?

आधी बोटीतला दोष नाही याची खात्री करा. मग तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, ठिकाण, खोली, उपग्रहांच्या पानाचा फोटो, आणखी कुठल्या बोटींना त्रास झाला, हे सगळं लिहून मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे द्या. रेडिओ अडथळ्यांचा शोध घेण्याचं काम दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे असतं, तेव्हा तक्रार तिथपर्यंत पाठवण्याची विनंतीही लेखी करा. ‘जीपीएस नीट चालत नाही’ एवढ्या एका ओळीवर कुणालाच काही शोधता येत नाही. दोन-तीन बोटींनी मिळून वेळेसकट दिलेला अर्ज कामाला येतो.

जुना सेट ठिकाण बरोबर दाखवतो, पण तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची. हे स्पूफिंग आहे का?

नाही. जुना जीपीएस सिग्नल आठवडे १०२३ पर्यंतच मोजतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. असं एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि जुन्या सॉफ्टवेअरचे सेट तेव्हापासून किंवा नंतर केव्हातरी मागच्या तारखेत गेले. ठिकाणावर सहसा परिणाम होत नाही, पण भरतीची वेळ आणि सूर्योदय त्याच सेटवर बघत असाल तर ते चुकणार. कंपनीकडून सॉफ्टवेअर मिळत असेल तर टाकून घ्या, नसेल तर भरतीसाठी छापील तक्ता वापरा. पुढची अशी पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे.